खोल पाण्यातून जाणाऱ्या मोटारीची पूर्वतयारी : काही यांत्रिक विचार

उत्तर ऑस्ट्रेलियात पावसाळा साधारणतः नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो. या महिन्यांत तेथील नद्या व ओढे फुगतात आणि कच्चे रस्ते दीर्घकाळ बंद राहतात. पुढे कोरडा ऋतू सुरू झाला तरी अनेक पात्रांवर पूल नसल्यामुळे वाहने पाण्यातूनच पलीकडे न्यावी लागतात. केप यॉर्क द्वीपकल्पात १८८० च्या दशकात उभारलेल्या तारायंत्राच्या मार्गालगत जी जुनी वाट आहे, तिच्यावरील नोलन्स ब्रुक हा ओढा या बाबतीत विशेष प्रसिद्ध आहे. पाणी स्वच्छ, तळ वालुकामय, पात्र अरुंद. आणि तरीही चारही चाकांना गती मिळणाऱ्या, उत्तम स्थितीतील मोटारी तेथे बुडून निकामी झाल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. चांगली वाहने अशा ठिकाणी का बुडतात, तयारीने कोणता धोका टळतो व कोणता टळत नाही, या प्रश्नांचे विवेचन येथे योजिले आहे.

१. एंजिनाचा श्वास

अंतर्ज्वलन एंजिन हवा आत घेते, तिचे संपीडन करते आणि जळलेला वायू बाहेर टाकते. हवा दाबली जाते. पाणी व्यवहारतः दाबले जात नाही. सर्व अनर्थाचे मूळ या एका भेदात आहे. ७०० घनसेंटीमीटर क्षमतेच्या व १७ संपीडन-गुणोत्तराच्या डिझेल सिलिंडरात दट्ट्या, म्हणजे पिस्टन, सर्वांत वर पोचला असता वर उरणारी जागा अवघी ४४ घनसेंटीमीटर असते. म्हणजे तीन मोठे चमचे पाणी आत शिरले की ती जागा भरून जाते. त्याहून अधिक पाणी असल्यास दट्ट्याला वर जाण्यास वाव राहत नाही; परंतु फिरते चक्र आणि इतर सिलिंडरांचा जोर त्याला वर ढकलीतच राहतो. अशा वेळी दट्ट्याला जोडणारा कनेक्टिंग रॉड वाकतो किंवा तुटतो, आणि प्रसंगी एंजिनाचे कवचही फुटते. पेट्रोल एंजिनाचे संपीडन-गुणोत्तर कमी असल्यामुळे वरची जागा थोडी मोठी असते. पण धोक्याचे स्वरूप तेच.

यावरील सर्वपरिचित उपाय म्हणजे हवा घेणारी नळी वर उचलून तिचे तोंड छपराच्या पातळीस नेणे. तिला स्नॉर्कल म्हणतात. परंतु नळीचे तोंड उंच गेले म्हणजे काम संपले असे नव्हे. नळी, हवाशोधकाची पेटी आणि एंजिन यांच्यामधील प्रत्येक सांधा जलाभेद्य असला पाहिजे. हवाशोधकाच्या तळाशी धूळ व पाणी गळून जावे म्हणून बहुधा एक रबरी झडप असते. ती जीर्ण झाली असेल, तर स्नॉर्कल बसविलेली मोटार देखील त्या छिद्रातूनच पाणी ओढून घेते. सबब हवामार्गाची खरी उंची त्याच्या तोंडावरून मोजावयाची नसून, त्यातील पाणी आत घेऊ शकणाऱ्या सर्वांत खालच्या छिद्रावरून मोजावयाची असते.

धूर सोडणाऱ्या नळीची स्थिती निराळी आहे. एंजिन चालू असताना आतील दाब पाण्याला बाहेर लोटतो. एक मीटर खोलीवर पाण्याचा प्रतिदाब वातावरणीय दाबाच्या केवळ दशांशाइतका असतो. एंजिन पाण्यात बंद पडले की हे संरक्षण नाहीसे होते. म्हणून पात्राच्या मध्यावर एंजिन बंद न पडू देणे हा पहिला नियम होय.

२. महायुद्धातील अनुभव

या शास्त्राला पद्धतशीर रूप दुसऱ्या महायुद्धात आले. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरावयाच्या हजारो वाहनांना नौकेपासून कोरड्या वाळूपर्यंतचे अंतर समुद्राच्या पाण्यातून तोडावे लागणार होते. त्यांचे हवामार्ग व धूरमार्ग उंच केले गेले, विद्युत्-भाग ग्रीजयुक्त लेपाने बंद केले गेले. ब्रिटिश सैन्यात हे काम टप्प्याटप्प्यांनी होई; प्रारंभीचे टप्पे आधी आणि अखेरची मोहोरबंदी अगदी चढाईच्या तोंडावर. कारण पूर्णतः मोहोरबंद केलेले वाहन फार दूर चालविता येत नाही, ते तापते. किनाऱ्यावर पोचताच हे लेप व झाकणे काढून टाकण्याचे कामही तितकेच तातडीचे असे.

या अनुभवातून एक महत्त्वाचे तत्त्व हाती आले. ज्या छिद्रांतून पाणी शिरते, त्यांतील बरीचशी छिद्रे वाहनाच्या नित्य व्यवहारासाठीच ठेवलेली असतात. ती कायमची बुजविता येत नाहीत. त्यांना बुजविण्याऐवजी वर नेणे, हाच अधिक शहाणपणाचा मार्ग होय. युद्धोत्तर काळातील अमेरिकन लष्करी एम-३८ जीपमध्ये मूळ बांधणीतच जलाभेद्य विद्युत्-व्यवस्था ठेवण्यात आली, ती याच विचाराला अनुसरून.

३. बंद पेट्यांचा शोष

पुढील आणि या तत्त्वाचे उत्तम उदाहरण म्हणून गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही आसांवरील डिफरन्शियल यांच्या पेट्यांकडे पाहावे. त्यांत तेल असते आणि तेलावर हवा. चालताना ही हवा तापून प्रसरण पावते. तिला वाट मिळावी म्हणून प्रत्येक पेटीस एक लहान श्वासछिद्र ठेवलेले असते. लांबचा प्रवास करून मोटार नदीवर येते व तशीच थंड पाण्यात उतरते, तेव्हा काय घडते ते अंकांनी पाहता येईल. पेटीतील हवा ८० अंश सेल्सिअसवरून २५ अंशांवर आली आणि छिद्र बंद राहिले, तर तिचा दाब सुमारे १६ टक्क्यांनी उतरेल. वातावरणीय दाब सुमारे १०.३ मीटर उंचीच्या पाण्याच्या स्तंभाइतका असतो. त्याचे १६ टक्के म्हणजे १.६ मीटर. अर्थात्, अर्धा मीटर पाण्यात उभ्या असलेल्या आसाच्या सीलवर, पेटी सुमारे दोन मीटर खोल बुडाल्यासारखा दाब येतो. सील तेल आत राखण्यासाठी घडविलेले असते, पाणी बाहेर राखण्यासाठी नव्हे. ते पाण्याला वाट देते.

यास्तव या सर्व छिद्रांना लवचीक नळ्या जोडून त्या एंजिनाच्या कप्प्यात उंच नेतात. मग हवा आकुंचन पावली तरी नळीवाटे हवाच येते, पाणी येत नाही. खर्चाच्या मानाने याइतकी उपयुक्त तयारी दुसरी नाही. परंतु ती डोळ्यांना दिसत नसल्यामुळे बहुधा सर्वांत शेवटी केली जाते. चाकांच्या तुंब्यांना मात्र अशी नळी नसते. तेथे उपाय एवढाच की पाण्यात उतरण्यापूर्वी थांबून त्यांस निवू द्यावे.

क्लचच्या कवचाची कथा बोधप्रद आहे. जुन्या लँड रोव्हर मोटारींत या कवचाच्या तळाशी एक छिद्र असे. झिरपलेले तेल क्लचवर न साठता त्यातून गळून जावे, हा त्याचा हेतू. खोल पाण्यापूर्वी त्यात आट्यांचे बूच बसवावयाचे आणि पाणी ओलांडल्यावर ते काढून घ्यावयाचे, अशी योजना होती. बूच विसरून तसेच राहिले, तर संरक्षणाचे साधनच क्लच बिघडविण्यास कारण होई.

४. पंखा, विद्युत् आणि लाट

एंजिनाचा पंखा पाण्यात वेगाने फिरला तर त्याची पाती पुढे वाकतात व रेडिएटरला भोक पाडू शकतात. म्हणून जेथे शक्य असेल तेथे पंखा तात्पुरता थांबवितात. मोटारीच्या तोंडावर मेणकापडाचा पडदा बांधण्याची रीतही याच हेतूने पडली. मोटार संथ व एकसारख्या गतीने पुढे गेली की तिच्यापुढे एक लाट उभी राहते आणि तिच्या मागे, एंजिनाच्या कप्प्यात, पाण्याची पातळी काहीशी खाली राहते. गती अधिक झाली तर पाणी बॉनेटवर चढते. गती मोडली तर पुढची लाट मागे फिरून कप्पा भरते. म्हणून माणसाच्या चालीइतकी गती, खालच्या श्रेणीतील एकच गिअर, आणि मध्ये क्लच न दाबणे, हा प्रघात योग्य होय.

आधुनिक मोटारीत एंजिनाचे नियंत्रण विद्युत्-यंत्रणेकडे असल्यामुळे जोडण्यांची काळजी अधिक घ्यावी लागते. नियंत्रणपेटी किती उंचीवर आहे, जोडण्यांचे रबरी सील शाबूत आहेत काय, हे आधी पाहिले पाहिजे. खाऱ्या पाण्यात विद्युत्-गळती व गंज हे दोन्ही धोके वाढतात.

५. जे तयारीने बदलत नाही

येथपर्यंतची तयारी पाणी आत येऊ न देण्याची होती. परंतु पाणी आत आले नाही म्हणजे मोटार तितके पाणी बाजूस सारते, आणि आर्किमिडीजच्या नियमानुसार तेवढी हलकी होते. २,२०० किलोग्रॅम वजनाची एक मोटार घेऊ. तिच्या बंद बैठकीच्या तळाचे क्षेत्रफळ ४.५ चौरस मीटर आणि तळ जमिनीपासून ५५ सेंटीमीटर उंच आहे असे मानू. पाणी ७५ सेंटीमीटर असता ते तळाच्या वर २० सेंटीमीटर येते. बैठकीत पाणी शिरले नसेल, तर चाकांवरील भार ९०० किलोग्रॅमने घटून १,३०० उरतो. गोट्यांच्या तळावर घर्षणांक ०.४ धरल्यास आडव्या दिशेने मोटार ५२० किलोग्रॅम-भारापर्यंत टिकेल.

आता प्रवाहाचा जोर पाहू. बुडालेल्या बाजूचे क्षेत्रफळ २ चौरस मीटर व रोधांक १ धरला, तर सेकंदाला १ मीटर वेगाचा प्रवाह सुमारे १०० किलोग्रॅम-भाराचा रेटा देतो, २ मीटर वेगाचा, चौपट म्हणजे सुमारे ४१०, आणि २.५ मीटर वेगाचा सुमारे ६४०. म्हणजे २ मीटर वेगापर्यंत मोटार टिकते, २.५ ला वाहून जाते. वेग २ मीटरच राहिला परंतु पाणी केवळ १० सेंटीमीटरने वाढले, तर भार ८५० वर येतो, प्रतिकार ३४० वर उतरतो आणि रेटा सुमारे ५०० होतो. तीच मोटार, तोच चालक, तीच सारी तयारी. वीतभरही नसलेल्या वाढीने निकाल उलटा होतो. प्रत्यक्षात पाणी हळूहळू आत झिरपते, एंजिनामुळे पुढचा भाग जड असतो आणि बहुधा मागील भाग आधी तरंगून प्रवाहाच्या दिशेने वळतो. त्यामुळे हे अंक स्थूल आहेत. परंतु त्यांचा आशय बदलत नाही. उलट, दारांची मोहोरबंदी जितकी उत्तम, तितकी मोटार लवकर तरंगते. एंजिनाला जे तारक, ते चाकांच्या पकडीला मारक ठरते.

निर्माते पाण्याची जी मर्यादा सांगतात, तिचा अर्थ यावरून नीट लक्षात यावा. २०२० मध्ये आलेल्या महिंद्र थारसाठी ही मर्यादा ६५० मिलिमीटर, तर त्याच वर्षीच्या लँड रोव्हर डिफेंडरसाठी हवेची स्प्रिंग असता ९०० मिलिमीटर सांगितलेली आहे. ही खोलीची मर्यादा आहे. प्रवाहाच्या वेगाबद्दल हा आकडा काहीच सांगत नाही.

६. पात्राची परीक्षा

म्हणून शेवटची तयारी वाहनाची नसून पात्राची असते. खोली, तळ, वेग आणि बाहेर पडण्याचा चढ या चार गोष्टी आधी पायी चालून पाहाव्यात, असा सर्वमान्य नियम आहे. जे पाणी माणसाला पायी ओलांडवत नाही, ते मोटारीनेही ओलांडू नये, हा त्याचाच दुसरा अर्थ. पण या नियमालाही अपवाद आहेत. काकाडू व आर्नहेम लँड यांच्यामधील ईस्ट अॅलिगेटर नदीवरील काहिल्स क्रॉसिंग येथे भरतीचे पाणी वर चढते आणि पात्रात खाऱ्या पाण्यातील सुसरी असतात. २०१७ मध्ये तेथे पायी ओलांडणारा एक मनुष्य सुसरीला बळी पडला. अशा स्थळी खोलीदर्शक खांब, भरती-ओहोटीचे वेळापत्रक आणि इतर वाहनांचे निरीक्षण यांवरच विसंबावे लागते. आणि तेवढ्याने निश्चिती होत नसेल, तर थांबावे.

उतरण्यापूर्वी ओढण्याचा पट्टा आधीच जोडून हाताशी ठेवणे, खिडक्या उघड्या ठेवणे आणि मऊ तळासाठी टायरमधील हवा कमी करणे इष्ट होय. एंजिन पाण्यात बंद पडल्यास ते पुन्हा सुरू करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. मोटार बाहेर ओढून, स्पार्क प्लग किंवा डिझेल एंजिनाचे इंजेक्टर काढून, सिलिंडरातील पाणी प्रथम बाहेर काढले पाहिजे. सुखरूप पलीकडे गेल्यावरही ब्रेक हलके दाबून कोरडे करावेत आणि सर्व पेट्यांतील तेल तपासावे. ते दुधाळ दिसले तर पाणी शिरले असे समजून त्वरित बदलावे. कारण असे तेल दात व बेअरिंग यांचा नाश सावकाश, कित्येक आठवड्यांनंतर प्रकट होईल अशा रीतीने, करते.

सारांश, खोल पाण्यातील मोटारीला दोन मर्यादा असतात. पहिली छिद्रांची, ती नळ्या, झडपा व सील यांच्या साहाय्याने वर नेता येते. दुसरी भार व प्रवाह यांची. ती कोणत्याही कार्यशाळेत हलविता येत नाही. पहिली मर्यादा वर गेली की दुसरीही वर गेली, अशी समजूत सहज होते, आणि उत्तम सज्ज वाहनांच्या अपघातांचे एक मोठे कारण ही समजूतच होय. छपराएवढी उंच नळी मोटारीला श्वास देते; पाय रोवून उभे राहण्याचे बळ ती देत नाही.