मेटा कीवर्ड्सचे पैसे देऊ नका

परवा गावी, सुलतानपूरला गेलो होतो. काकांच्या लॉजची वेबसाइट कुणीतरी बनवून दिलीय, आणि एसईओचे पैसे वेगळे घेतलेत. सोर्स कोड उघडला, तर मेटा कीवर्ड्समध्ये ‘लोणार, लोणार सरोवर, लोणार लॉज’ असे चाळीसेक शब्द कोंबलेले! अहो, रँकिंगसाठी हा टॅग आम्ही बघतच नाही, हे गूगलने सप्टेंबर २००९ मध्येच जाहीर केलंय. वाचणाऱ्याला न दिसणाऱ्या जागी कुणीही काहीही लिहायचं, म्हणून त्याची किंमत गेली.

आणि पानाचं टायटल? नुसतं ‘होम’! ते आधी बदललं. डिस्क्रिप्शन टॅगने रँक वाढत नाही, पण निकालाखालच्या ओळी गूगल कधीकधी तिथूनच उचलतं. त्या काकांकडूनच लिहून घेतल्या: खोल्या किती, जेवण मिळतं का, गाडी कुठे लावायची.