'यू'शिवाय 'क्यू'

अक्षरांचे ठोकळे जुळवून इंग्रजी शब्द करण्याचा 'स्क्रॅबल' हा खेळ आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरीं असेल. मंदीच्या काळांत काम सुटलेल्या आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुशिल्पकारानें १९३१ च्या सुमारास तो रचावयास घेतला. कोणतें अक्षर किती वेळां येतें हें त्यानें वर्तमानपत्रें चाळून मोजलें, आणि दुर्मिळ अक्षरांना अधिक गुण दिले. 'ई' चे ठोकळे १२, गुण एकच. 'क्यू' चा ठोकळा एकटाच, पण गुण १०.

हा 'क्यू' दुभत्या पण लाथाळ गाईसारखा आहे. इंग्रजींत त्याच्या मागोमाग 'यू' यावा अशी रूढि. 'यू' न मिळाल्यास डाव संपतांना हातीं उरलेल्या 'क्यू' चे १० गुण वजा होतात. जाणते खेळाडू अशा वेळीं 'क्यू-आय' हा दोन अक्षरी शब्द मांडतात. उच्चार 'ची', मूळ चिनी, अर्थ प्राणशक्ति. तिप्पट गुणांच्या घरावरून तो आडवा व उभा असा दोन्हीकडे जुळला, तर दोहोंचे मिळून ६२ गुण होतात!

'यू' ची अट मूळची लॅटिनची. जुन्या इंग्रजींत 'क्वीन' हा शब्द 'सी-डब्ल्यू' नें लिहीत. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनीं 'क्यू-यू' रुळविला. अरबी शब्दांना ती अट लागू नाहीं. अरबींत साध्या 'क' खेरीज घशांतून येणारा दुसरा 'क' आहे. रोमन लिपींत पहिल्याला 'के' खर्ची पडल्यामुळें दुसऱ्याला 'क्यू' नेमला गेला. म्हणून 'क्यू-ए-डी-आय' म्हणजे आपला काजी, आणि 'एफ-ए-क्यू-आय-आर' म्हणजे आपला फकीर! इंग्रज खेळाडूनें घोकून ठेवावयाचे हे शब्द आपल्या आजीबाईंच्या तोंडीं होते. 'क्यू-ए-टी' हा मात्र आपणांस परका. येमेनमध्यें चघळतात तो पाला.

'सी-डब्ल्यू-एम' हा स्वरहीन दिसणारा शब्द वेल्श आहे. त्या भाषेंत 'डब्ल्यू' स्वराचें काम करतो, म्हणून उच्चार 'कूम'. अर्थ, हिमनदीनें कोरलेली वाटीसारखी दरी. एव्हरेस्टखालच्या अशा दरीला मॅलरीनें १९२१ सालीं 'वेस्टर्न कूम' हें नांव दिलें, आणि १९५३ सालीं हिलरी व तेनसिंग तिच्यांतूनच वर गेले.

खेळाच्या नियमांत अर्थाला स्थान नाहीं. शब्द कोशांत असला कीं झालें. न्यूझीलंडच्या नायजेल रिचर्ड्स यांनीं २०१५ सालीं फ्रेंच स्क्रॅबलची जागतिक स्पर्धा जिंकली, तेव्हां त्यांना फ्रेंच बोलतां येत नव्हतें! सुमारें ९ आठवड्यांत त्यांनीं कोशांतील शब्द पाठ केले होते. त्या स्मरणशक्तीविषयीं आदर वाटतो. हेवा मात्र वाटत नाहीं. फकिराची झोळी डोळ्यांपुढें न येतां 'फकीर' मांडण्यांत गोडी ती कसली?

आमच्या घरीं म्हणून एक पोटनियम आहे: दुर्मिळ शब्दाचा अर्थ न सांगतां आल्यास गुण निम्मे. परवां एका चिरंजीवांनीं 'क्यू-ए-टी' मांडून 'जुन्या वर्तनींतील मांजर' असा अर्थ ठोकून दिला. त्यांना १२ ऐवजीं ६ गुण मिळाले.