शिंपल्याचे मोल : पूर्व कोलकात्याच्या पाणथळीच्या संदर्भात

मराठी काव्यात शिंपला येतो तो प्रायः मोत्यासाठी. स्वातीचा थेंब त्यात पडून मोती होतो, हा संकेत सर्वपरिचित आहे. कोकणच्या खाड्यांत तिसऱ्या वेचणाऱ्या स्त्रियांस मात्र त्याचे मोल अन्न म्हणून ठाऊक असते. अन्नाखेरीज जलशुद्धी हेही शिंपल्याचे कार्य आहे. या दोहोंचा संबंध पूर्व कोलकात्याच्या पाणथळीत विशेष स्पष्ट होतो.

सुमारे १२,५०० हेक्टरांच्या या क्षेत्राचा २००२ मध्ये रामसर यादीत समावेश झाला. शहराचे सांडपाणी येथील ‘भेडी’ नामक उथळ मत्स्यतलावांत निवळते व त्यावर मासे पोसले जातात. गोड्या पाण्यातील शिंपला, म्हणजे बंगालीतील ‘झिनुक’, पाणी कल्ल्यांवाटे गाळून त्यातील शैवाल व सेंद्रिय कण ग्रहण करतो. त्याच्या अळ्या काही काळ माशांच्या अंगास चिकटून वाढतात. म्हणजे माशांवाचून शिंपल्याची वंशवृद्धी नाही. त्याचे मांस बंगालमधील गरीब कुटुंबांच्या आहारात असते. कवचे भाजून चुनाही करतात.

परंतु गाळण्याच्या या गुणामुळेच पाण्यातील जड धातूही त्याच्या देहात साठतात. टांगरा, तिलजला, तोपसिया येथील कातडी कमावण्याच्या कारखान्यांतून क्रोमियमयुक्त सांडपाणी वाहत असे. ते कारखाने शहराबाहेर हलविण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये दिला. त्यासाठी निवडलेले बानतला मात्र पाणथळीस लागूनच आहे. शिंपला सेंद्रिय मळ पचवितो, धातू पचवीत नाही. कारखान्यांनी जे पाण्यात सोडले, ते अखेरीस झिनुक खाणाऱ्याच्या ताटात येते.