मोठी मरळ गळाला लागते कशी?

तोडीचा हंगाम आटोपला, की आपल्यातील कित्येक सभासद बंधूंची पावले गळ घेऊन माकणीच्या निम्न तेरणा जलाशयाकडे, नाहीतर परांड्याकडील सीना-कोळेगावकडे वळतात. रोहू-कटला मिळतो, पण खरी गंमत मरळीची. अमेरिकेत असाच दबा धरून शिकार करणारा, मोठ्या तोंडाचा 'लार्जमाउथ बास' मासा आहे. १९३२ साली जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी या तरुण शेतकऱ्याने सुमारे १० किलोचा बास धरला आणि घरी नेऊन खाल्ला! त्या वजनाची बरोबरी व्हायला २००९ साल उजाडले. जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी ती केली.

मरळ सहसा पाणकणीस, बेशरम, बुडालेली बाभूळ यांच्या आडोशाला असते. नुसत्या कल्ल्यांवर तिचे भागत नाही. हवा घ्यायला वर यावेच लागते. म्हणून ऊन चढण्याआधी काठावर गुमान बसावे आणि पाणी फुटेल ती जागा हेरावी. गळ तिच्या डोक्यावर आपटू नये. चार हात पलीकडे टाकून हळूहळू ओढत आणावा. आमिष म्हणून लहान मासा किंवा रबरी बेडूक लावावा. (जिवंत बेडूक शेतातच बरा, तो आपली कीड खातो.) झडप पडताच हिसका दिला तर आमिष तोंडातून निसटते. दोरी ताणली, की मग झटका. त्यानंतर ढील नाही. गवतात शिरली की गेलीच समजा.

पावसाळ्यात पाण्यावर तांबूस पिलांचा थवा खदखदताना दिसतो. खाली आई-बाप राखणीला असतात व जवळ येईल त्यावर धावून जातात. काही गळवाले नेमका तिथेच गळ टाकतात. मोठी मरळ मिळतेही. आम्हाला हे पटत नाही. राखणदार गेला, की पिले इतर माशांच्या आणि बगळ्यांच्या तोंडी जातात. बेणे-प्लॉटातला ऊस कोणी गाळपाला धाडतो का? पिले पांगेपर्यंत, साधारण महिनाभर, ती जागा सोडावी.

जलाशयातील मासेमारी बहुधा मच्छीमार सहकारी संस्थेकडे ठेक्याने असते. तिला विचारूनच बसावे. तीही आपल्यासारखी सभासदांचीच. स्वतःच्या शेततळ्यात रोहू-कटल्याची बोटुकली सोडायची असेल, तर मात्र मरळ आधी काढून घ्यावी. ती बोटुकली शिल्लक ठेवत नाही.