ऑडिओ इंटरफेसवर गेन किती ठेवायचा?

स्कार्लेट २आय२ सारखा इंटरफेस घेतला की पहिला हात गेनच्या नॉबवर जातो. पण गेन म्हणजे व्हॉल्यूम नाही बरं का! हेडफोनमध्ये कमी ऐकू येतंय? त्याचा नॉब वेगळा आहे. माइकचा सिग्नल किती वाढवून रेकॉर्ड करायचा, हे गेन ठरवतो. नॉबभोवतीची रिंग लाल झाली, म्हणजे सिग्नल मर्यादेबाहेर गेला. कापला गेलेला आवाज एडिटिंगमध्येही नीट परत येत नाही. म्हणून मी सगळ्यात मोठ्याने बोलून बघतो आणि पीक -१२ डीबीच्या आसपास ठेवतो. २४ बिटमध्ये आवाज थोडा कमी रेकॉर्ड झाला तरी नंतर आरामात वाढवता येतो. कंडेन्सर माइक असेल तर ४८ व्होल्टचं बटण लागेल. ते दाबण्याआधी गेन पूर्ण खाली करा, नाहीतर हेडफोनमध्ये ‘ठप्प’ असा दणका बसतो.