चालत्या बॉयलरवर झडपेची परीक्षा

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला, की सोलापूर जिल्ह्यात ‘धुराडी पेटली’ असं म्हणतात. तिथल्या साखर कारखान्यांच्या बॉयलरमध्ये बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जळत असतो आणि वर ड्रमवर सेफ्टी व्हॉल्व्ह गप्प बसलेले असतात. दाब मर्यादेपलीकडे गेला तरच त्यांनी उघडायचं. पण महिनोन्‌महिने बंद राहिलेल्या झडपेची स्प्रिंग सैल पडली, की सीटवर क्षार धरून ती चिकटली, हे बाहेरून दिसत नाही.

जुनी रीत सरळ आहे. दाब मुद्दाम वाढवायचा आणि झडप कितीला उडते ते गेजवर पाहायचं. याला ‘फ्लोटिंग’ म्हणतात. साखर कारखान्याला दोन हंगामांच्या मध्ये वेळ मिळतो, म्हणून तिथे हे जमतं. फताटेवाडीच्या एनटीपीसी वीज केंद्रासारख्या ठिकाणी, जिथे 660 मेगावॉटचे दोन संच आहेत, अशी मोकळीक नसते. शिवाय झडप पूर्ण उडाली, की वेगानं सुटलेली वाफ सीट खराब करू शकते आणि मग ती गळत राहते.

यावरची युक्ती फार सुंदर आहे. स्प्रिंग झडपेला खाली दाबते, वाफ वर ढकलते. वाफेचा जोर जेवढा कमी पडतो, तेवढाच बाहेरून द्यायचा! त्यासाठी झडपेच्या डोक्यावर छोटा हायड्रॉलिक जॅक बसवतात. तो स्पिंडल हळूहळू वर ओढतो आणि लोड सेल ती ओढ मोजतो.

समजा, बॉयलर दर चौरस सेंटिमीटरला 40 किलो दाबावर चालू आहे, सीटचं क्षेत्रफळ 20 चौरस सेंटिमीटर आहे आणि झडप 100 किलोच्या ओढीला हलली. 100 भागिले 20, म्हणजे 5. ते 40 मध्ये मिळवले, की कळतं: ही झडप आपोआप 45 किलोला उडाली असती. ओढ सोडताच ती पुन्हा बसते. टर्बाइन फिरतच राहतं.

उडालेली झडप दाब किती उतरल्यावर मिटेल, हे मात्र या चाचणीत नीट कळत नाही. त्यामुळे झडप खोलून तपासणं चुकत नाही.

झडप उडालीच नाही तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. 1803 साली लंडनजवळ ग्रीनिचला रिचर्ड ट्रेव्हिथिक या इंग्रज अभियंत्याचं वाफेचं इंजिन फुटलं आणि चार माणसं गेली. सेफ्टी व्हॉल्व्ह कुणीतरी जखडून ठेवला होता. त्यानंतर ट्रेव्हिथिकनं दोन झडपा बसवायला सुरुवात केली, त्यातली एक चालकाच्या हाताला लागणार नाही अशी. आज भारतातल्या कारखान्यांच्या बॉयलरवरही साधारणपणे किमान दोन झडपा असतात. चाचणी एका वेळी एकीचीच होते आणि जॅक फक्त वर ओढतो. मध्येच दाब खरोखर चढला, तर जॅकखालची झडपही उडायला मोकळी असते.