बेळगावहून चामराजपेट : कार की रेल्वे?

बेळगावहून बाबांना डोळे दाखवायला बेंगळुरूत चामराजपेटच्या मिंटो रुग्णालयात न्यायचंय, तेही सकाळी. कार काढायची की रेल्वे धरायची?

कारनं महामार्ग ४८, साधारण ५०० किलोमीटर. तुमकूरपर्यंत हिशेब जमतो. फसतो तो पुढे, नेलमंगल, पीण्या, यशवंतपूर या पट्ट्यात. ऐन सकाळी तिथे किती वेळ जाईल, कुणी सांगू शकत नाही. शिवाय मार्केटजवळ पार्किंग शोधा!

रात्रीची एक्सप्रेस सकाळी मॅजेस्टिकसमोरच्या मुख्य स्टेशनात सोडते. तिथून मेट्रोच्या ग्रीन लाइनवर दुसरंच स्टेशन के. आर. मार्केट, पुढे रिक्षा. २०२५ साली सुरू झालेली वंदे भारत आरामाची खरी, पण पोचते दुपारी. सकाळचा केसपेपर हुकला.

एकटेच दाखवायला जाणार असाल तर प्रश्नच मिटला. बाहुली मोठी करणारे थेंब घातले की काही तास धूसर दिसतं, स्टिअरिंग धरायचं नाही.

आणि कारच न्यायची असेल, तर आदल्या रात्रीच शहरात शिरा आणि मुक्काम करा.